आठचा आकडा आणि त्यापुढचा रस्ता

मोटारसायकलचे नवे मॉडेल बाजारात आणायचे, तर कंपनीला आधी त्या गाडीची परीक्षा द्यावी लागते. ब्रेक, दिवे, आरसे, भोंगा, धूर असे सगळे तपासले जाते, आणि त्यात उतरलेली गाडीच विक्रीला येते. ही परीक्षा कोणी घ्यायची, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ मध्ये दिलेली आहे. देशभरातल्या मोजक्याच संस्थांची ही यादी आहे आणि तिच्यात अहिल्यानगरच्या (नगरच्या) व्हीआरडीईचे, म्हणजे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचे नाव आहे. लष्कराच्या रणगाड्यांपासून चाकांच्या गाड्यांपर्यंत सारे काही जिथे घासूनपुसून तपासले जाते, ती ही संस्था.

दुचाकीशी या जिल्ह्याचे नाते आणखीही एका बाजूने आहे. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना आणली ती नगरच्या कारखान्यातून. सायकलवरून थेट मोटारसायकलवर जाणे ज्यांना परवडत नव्हते, अशा शिक्षक, कारकून आणि दूधवाल्यांच्या घरात इंजिन शिरले ते लूनाच्या रूपाने.

गाड्या घडवणारा आणि गाड्यांची परीक्षा घेणारा हा जिल्हा. गाडी चालवणाऱ्याची परीक्षा मात्र इथेही, राज्यात इतरत्र होते तशीच, काही मिनिटांत उरकते. त्या काही मिनिटांत काय तपासले जाते, काय तपासायचे राहून जाते आणि राहिलेले कुठून शिकायचे, हे या प्रकरणात पाहू.

कच्चे आणि पक्के

नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. त्यामुळे इथे परिवहन कार्यालयेही दोन आहेत. नगरच्या कार्यालयाच्या गाड्यांना एमएच १६ आणि श्रीरामपूरच्या कार्यालयाच्या गाड्यांना एमएच १७. उत्तरेकडचे लोक श्रीरामपूरला जातात. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या माणसाला दोन्ही ठिकाणे लांबच, म्हणून तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी कार्यालयाचा कॅम्प भरतो.

लायसनचे टप्पे दोन. पहिले शिकाऊ अनुज्ञप्ती, लोकांच्या भाषेत ‘लर्निंग’ किंवा ‘कच्चे’. दुसरे ‘पर्मनंट’ किंवा ‘पक्के’. कच्च्यासाठी लेखी स्वरूपाची चाचणी असते. प्रश्न पंधरा आणि पास व्हायला नऊ उत्तरे बरोबर यावी लागतात. रस्त्यावरची चिन्हे, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवरची खबरदारी, सोबत बाळगायची कागदपत्रे असे त्यातले विषय. २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ही चाचणी घरबसल्या देता येते. कार्यालयातली खेप वाचली, ही सोय झाली. पण उत्तरे नक्की कोण देतो, हा प्रश्नही त्यासोबत आला. मुलाच्या शेजारी बसून मोठा भाऊ बटणे दाबत असेल, तर चिन्हे त्या भावालाच कळणार.

कच्चे लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल रंगातला इंग्रजी ‘एल’ लावावा लागतो. मागे बसवायचेच तर फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याकडे पक्के लायसन असले पाहिजे. मित्राला डबल सीट घेऊन कॉलेजला जाणे या काळात नियमाबाहेरचे आहे. सरकारी फी फार नाही. शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी वाहनाच्या प्रत्येक वर्गाला १५० रुपये, चाचणीचे ५०, चालवण्याच्या परीक्षेचे ३०० आणि पक्क्या लायसनचे २००, असे केंद्रीय नियमांत आहे. त्यावर जे काही द्यावे लागते ते स्मार्टकार्डाचे, टपालाचे आणि पुष्कळदा एजंटचे.

दुचाकीचे वर्ग दोन आहेत, बिनगेअरची आणि गेअरची. स्कूटरवर परीक्षा देऊन मिळालेल्या बिनगेअरच्या लायसनवर वडिलांची शंभर सीसीची मोटारसायकल चालवता येत नाही. लायसनची मुदत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने बदलली. तिशीच्या आत काढलेले लायसन वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते, तीस ते पन्नास या वयात काढलेले दहा वर्षे. म्हणजे अठराव्या वर्षी एकदा परीक्षा झाली, की पुढची बावीस वर्षे कोणी काही विचारत नाही.

सोळा वर्षे, पन्नास सीसी

‘सोळाव्या वर्षी लायसन मिळते’ ही समजूत गावोगाव पक्की आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ४ सांगते, की वाहन चालवायला वय अठरा हवे. मात्र इंजिन ५० सीसीपेक्षा मोठे नसेल, तर सोळाव्या वर्षीही दुचाकी चालवता येते. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. हे कलम लिहिले गेले तेव्हा रस्त्यावर लूनासारख्या मोपेड होत्या. आज पेट्रोलवरची ५० सीसीची नवी गाडी दुकानात जवळजवळ दिसतच नाही. घरोघरच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या. सवलत कायद्यात राहिली आणि ती जिच्यासाठी होती ती गाडी रस्त्यावरून गेली. दहावी-अकरावीच्या मुलाकडे आज जी गाडी असते, तिला ही सवलत लागू होत नाही.

विजेवरच्या गाड्यांनी यात नवा गोंधळ घातला आहे. मोटार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी नको आणि चालवणाऱ्याला लायसन नको. दुकानदाराच्या तोंडी हेच वाक्य ‘इलेक्ट्रिकला लायसन लागत नाही’ असे होते. २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली, तिचा वेग ताशी ५० पर्यंत जातो. तिला नोंदणीही लागते आणि लायसनही. गाडीला नंबरप्लेट असेल, तर चालवणाऱ्याच्या खिशात लायसन हवे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

अठरा वर्षे पूर्ण नसताना मूल गाडीसह सापडले, तर मुलाआधी पालक अडचणीत येतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड सांगते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. नोकरीसाठी सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत रोज जायचे असलेल्या तरुणाला ही शेवटची शिक्षा दंडापेक्षा महाग पडते.

लायसन नसल्याचा खरा फटका अपघातानंतर बसतो. समोरच्या माणसाला विमा कंपनी भरपाई देते; पण चालकाकडे लायसन नव्हते आणि तरीही मालकाने त्याला गाडी दिली असे ठरले, तर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधल्या स्वर्णसिंग खटल्यात हे तत्त्व घालून दिले. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण त्यासाठीही त्याच्याकडे वैध लायसन असणे ही अट आहे.

आठ काढला, पुढे काय?

पक्क्या लायसनची परीक्षा मैदानावर होते. मोटार वाहन निरीक्षक उभे असतात आणि उमेदवाराने आठचा आकडा काढायचा. पाय टेकला की नापास, हे सगळ्यांना पाठ असते. या परीक्षेला हसणारे बरेच आहेत, पण ती निरुपयोगी नाही. आठ नीट काढायचा तर क्लच अर्धा धरून ठेवावा लागतो, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवावा लागतो आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिकडे वळायचे तिकडे न्यावी लागते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढताना हेच कसब उपयोगी पडते.

अडचण एवढीच, की ही परीक्षा चालत्या माणसाच्या वेगात होते. अचानक ब्रेक लावणे, खड्डा चुकवणे, मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेणे, रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर आला असताना काय करायचे, यातले काहीही त्या मैदानावर घडत नाही. नापास झाले तर सात दिवसांनी पुन्हा जाता येते. तीनदा नापास झालेल्याला साठ दिवस थांबावे लागते आणि दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त संस्थेत उपचारात्मक प्रशिक्षणही घ्यावे लागते. पहिल्याच खेपेला पास झालेल्याला प्रशिक्षणाची सक्ती नाही. ट्रक किंवा बस चालवायची तर ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र कायद्याने लागते; मोटारसायकल मात्र काकांकडून, मित्राकडून किंवा नुसती बघून शिकली तरी चालते.

अशी शिकलेली माणसे कुठे चुकतात, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलच्या ९०० अपघातांच्या जागी जाऊन तपास केला. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. संकट समोर आल्यावर बहुतेकांची चूकही सारखीच होती. मागचा ब्रेक इतका दाबायचा की चाक घसरावे, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरायचाच नाही. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा समोरच्या वाहनाने मोटारसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता.

पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडेही आहेच. ‘पुढचा दाबू नको, पलटी होशील’ हा गाडी शिकवतानाचा पहिला धडा असतो. खरे तर ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची बहुतेक ताकद त्याच चाकाकडे असते. चूक होते ती दोन्ही ब्रेक एकदम हिसका देऊन दाबण्यात, वळणावर दाबण्यात किंवा वाळूवर दाबण्यात. गाडी सरळ करून, मागचा आणि पुढचा एकत्र, पुढच्याचा दाब वाढवत नेणे ही सरावाने येणारी गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस असली तरी चालेल, असे तेव्हा ठरले. गावात सर्वाधिक चालणारी शंभर सीसीची गाडी या लहानांत येते. तिथे भरवसा हाताच्या सवयीवरच.

वेगाचा हिशोबही शिकवावा लागतो, कारण तो मनाला सरळ सुचत नाही. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरले, तर गाडी साधारण २१ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला हेच अंतर ४० मीटर होते. वेग दीडपट झाला की ब्रेकचे अंतर सव्वादोनपट होते. याचा अर्थ असा, की चाळीसवाला ज्या जागी थांबला, तिथून साठवाला अजून पन्नासहून जास्त वेगात जात असतो.

शिकायचे कुठे?

ड्रायव्हिंग स्कूल प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, पण त्यांचा भर चारचाकीवर असतो. जुलै २०२१ पासून केंद्राने ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र’ अशी योजना लागू केली. सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणीमार्ग असलेल्या अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा चालवून दाखवावे लागत नाही. हलक्या मोटारीचा तिथला अभ्यासक्रम २९ तासांचा आहे. शेजारच्या जिल्ह्यांत अशा कामाची जुनी ठिकाणे आहेत. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून काम करते आहे, आणि नाशिकला ‘नाशिक फर्स्ट’ ही संस्था वाहतूक शिक्षण उद्यान चालवते. २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी विनाहेल्मेट सापडलेल्यांना समुपदेशनासाठी तिथे पाठवले होते.

बाहेरच्या देशांपैकी ब्रिटनमध्ये १९९० पासून रस्त्यावर एकट्याने सराव करण्याआधीच मोटारसायकलचे मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे आहे. मात्र प्रशिक्षण म्हणजे जादू नव्हे. जगभरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१० मध्ये आढावा घेतला, तेव्हा कोणत्या प्रकारच्या प्रशिक्षणाने अपघात नक्की किती घटतात, हे ठामपणे सांगता येईल असा पुरावा हाती लागला नाही. कसब वाढले की काहींचा वेगही वाढतो, असा अनुभव आहे. म्हणून चांगल्या शिकवणीत गाडी वाकवण्यापेक्षा धोका आधी ओळखण्याला जास्त वेळ दिलेला असतो.

डोक्यावरची गोष्ट

हेल्मेटच्या बाबतीत असा संभ्रम नाही. त्याच कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७ होते. शेवटचा आकडा आपल्याकडे विशेष लागू पडतो, कारण मागे बसलेल्या बाईच्या किंवा आजीच्या डोक्यावर हेल्मेट दिसणे अजून दुर्मीळ आहे.

कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगते, पुढे बसलेल्याला आणि मागे बसलेल्यालाही. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. पट्टा आवळलेला असावा, हेही त्याच कलमात आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही त्याच्या मापाचे हेल्मेट, चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकाची आयएसआय खूण नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा आहे. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळणारी टोपी पोलिसाला दाखवायला चालेल, डांबराला नाही.

उसाच्या हंगामातला रस्ता

देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला आणि त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे अशी कारखान्यांची रांगच लागली. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू होते आणि नगर–मनमाड रस्त्यापासून गावच्या शिवरस्त्यापर्यंत सगळीकडे उसाची वाहतूक लागते. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, बैलगाड्या, टायरगाड्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांआड झाकलेला. दुचाकीवाल्यासाठी वर्षातले हे सर्वांत धोक्याचे महिने.

आरटीओच्या प्रश्नपत्रिकेत नसलेले इथले काही नियम अनुभवी लोक पाळतात. अंधारात आपल्या दिव्याच्या प्रकाशात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. समोरच्याचा हेडलाइट डोळ्यांवर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर न्यायची आणि गॅस सोडायचा. ट्रॅक्टर ओलांडताना दोन ट्रॉल्यांची लांबी मोजायची आणि तो उजवीकडे शेतात तर वळत नाही ना, हे पाहायचे, कारण त्याचा इंडिकेटर लागेलच असे नाही. ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून जायची वेळ आलीच, तर हँडल सरळ धरून ब्रेकला हात लावायचा नाही. वस्तीवरून हायवेला लागताना पूर्ण थांबायचे. पुणे–नाशिक महामार्गावर चंदनापुरी घाटाच्या उतारावर क्लच दाबून गाडी सोडून न देता खालच्या गेअरमध्ये ठेवायची. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली गाडी उशिरा थांबते आणि उशिरा वळते, म्हणून तिचा वेग रिकाम्या गाडीपेक्षा कमी ठेवायचा. कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला मनाईच आहे.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नये. कलम १३४ अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. पोलीस त्याला नाव सांगायलाही भाग पाडू शकत नाहीत.

तीस दिवस आणि रिकामे केनयार्ड

कच्चे आणि पक्के लायसन यांच्यामधले तीस दिवस बहुतेक घरांत नुसते मोजले जातात. ते वापरता येतील. पहिला आठवडा मोकळ्या मैदानावर क्लच, आठ आणि हळू चालवणे यांसाठी. दुसरा ब्रेकसाठी: ताशी २०, मग ३०, मग ४० च्या वेगावरून ठरलेल्या रेषेवर सरळ थांबणे, रोज दहा-वीस वेळा. तिसऱ्यात रहदारीचा रस्ता, जाणत्याला मागे बसवून, आणि दिसणारा प्रत्येक धोका मोठ्याने बोलून दाखवत: ‘डावीकडून गाय’, ‘पुढे फाटा’, ‘एसटी थांबतेय’. चौथ्यात संध्याकाळ आणि ओला रस्ता. याला पैसे लागत नाहीत, लागतो तो शिकवणाऱ्याचा वेळ.

ज्यांच्या घरी शिकवणारा नाही, त्यांच्यासाठी जागा जिल्ह्यात तयार आहे. गळीत संपले की कारखान्यांची केनयार्ड, जिथे हंगामात शेकडो ट्रॉल्या वजनकाट्याची वाट पाहत उभ्या असतात, दसऱ्यापर्यंत मोकळी पडतात. बारावीची परीक्षा संपलेली मुले लायसनसाठी रांगा लावतात तीही याच उन्हाळ्यात. चुन्याच्या चार रेषा, काही शंकू, एक जाणता प्रशिक्षक आणि परिवहन कार्यालयाचे सहकार्य एवढे जमले, तर सभासदांच्या मुलामुलींना आठच्या आकड्यापलीकडचे धडे आपल्याच कारखान्यावर मिळू शकतील. ऊस वेळेवर आणि सुखरूप पोहोचावा म्हणून कारखाने दरवर्षी नियोजन करतात. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांसाठी महिनाभराचे नियोजन करणे त्याहून अवघड नाही.